सुटलेले धागे

आज लेकीच्या पुस्तकात डीएनएची पिळलेली शिडी दिसली आणि भंडाऱ्याच्या कॉलेजातली एक दुपार आठवली.

दुसऱ्या दिवशी आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मॅडमनी डीएनएची एकुलती एक नळी मला कोमट पाण्यात ठेवायला सांगितली होती. गप्पांच्या नादात पाणी उकळलं. नळीतून प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा भलताच चढलेला पाहून मी रडतच मॅडमकडे धावले.

"मॅडम, माह्याकडून सारं खराब झालं."

"रडून काहून राहिली? दोन धाग्यांमधले बंध नाजूक असतात, ते उष्णतेनं सुटले, म्हणून आकडा चढला. धागे तुटले नाही. हळूहळू थंड होऊ दे. एका धाग्यावरचा ए नावाचा घटक दुसऱ्यावरच्या टीले शोधते, जी सीले, अन् जोड्या पुन्हा जमतात."

आम्ही दोघी त्या वाफाळत्या पातेल्याजवळ बसून राहिलो. पाणी निवत गेलं, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा उतरून जवळजवळ पहिल्याइतका झाला होता. मी रडता रडताच हसले. उड्या मारतच घरी गेले.

त्या आनंदात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. मॅडमची घरी जायची, जवाहरनगरची शेवटची बस केव्हाच निघून गेली होती.