आठ मीटिंगांची फाइल

बाई गं,

तुझ्या शिकाऊ मंडळींनी माझ्याकडे तुझ्याबद्दल 'दोन चांगले शब्द' मागितलेत. त्यांच्या पहिल्या तुकडीची पुस्तिका निघणार आहे म्हणे. तू काही दोन शब्दांत मावणारी नाहीस, आणि नुसतं चांगलंच लिहायचं म्हटलं की माझं पेन अडतं. म्हणून हे पत्र तुलाच लिहितेय. वाच, आणि छापायचं की फाडायचं ते तू ठरव.

तू घरात आलीस ती माझ्या धाकट्या दिराची बायको म्हणून, आणि वर्षभरात औषधांच्या त्याच कारखान्यात लागलीस जिथे मी पंधरा वर्षं कागद तपासत बसले होते. सगळ्यांना वाटलं, थोरल्या जावेनं वशिला लावला. वशिला कसला, मी तर तुला म्हटलं होतं की एका घरात दोन जावा पुरेत, एका कारखान्यात कशाला? तू पदर खोचत म्हणालीस, "निदान तिथे तुमचं ऐकून घ्यायचा पगार मिळेल." त्या दिवशी मला कळलं की ही मुलगी टिकणार.

पॅकिंगमध्ये लेबलं आणि बाटल्यांचा मेळ घालण्यापासून तू सुरुवात केलीस. सहा-सात वर्षांनी तुला प्रोजेक्टच्या कामावर घेतलं. बाहेरच्यांना हे काम काय ते कळत नाही. नवं औषध बाजारात जायचं म्हणजे प्रयोगशाळा, उत्पादन, पॅकिंग, खरेदी आणि क्वालिटी अशी पाच खाती, आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. त्यांना एका तारखेला एका दारातून बाहेर काढायचं हे तुझं काम. स्वतःच्या हातात काही नाही, आणि उशीर झाला की खापर मात्र तुझ्याच डोक्यावर. कारखान्यात तुला 'पाठपुरावाबाई' म्हणायचे. आधी टिंगल म्हणून, मग धाकानं, शेवटी प्रेमानं.

तू काम करायचीस ते पायांनी. सकाळी टेबलावर पर्स टाकली की निघालीस. उत्पादनवाला चिडलाय हे त्याच्या बंद दारावरून ओळखायचीस आणि आधी खरेदीकडे जायचीस. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला पहिल्यांदा विचारलं की तो हो म्हणतो, कुणाला शेवटी विचारलं की तो रुसतो, सगळं तुझ्या डोक्यात. लहान मुलांच्या तापाच्या सिरपचं प्रोजेक्ट आठवतं ना? औषध मोजायच्या झाकणावरच्या रेघा सिरप लागलं की पुसल्या जात होत्या. आई अंदाजानं औषध पाजणार, म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ. झाकणवाला म्हणे दोन महिने लागतील. तू डबा घेऊन त्याच्या कारखान्यात गेलीस आणि दोन दिवस त्याच्या साच्याच्या मशीनसमोर स्टूल टाकून बसलीस. तिसऱ्या दिवशी कोरलेल्या रेघांची झाकणं घेऊनच आलीस. दीर मला म्हणाला, "वहिनी, घरातला नळ दुरुस्त करायला हिला असंच प्लंबरकडे बसवता येईल का?"

सिरप वेळेवर गेलं. पण त्या वर्षभरात तू कागदावर काय लिहिलंस? जवळजवळ काहीच नाही.

आता मुद्द्यावर येते. तू चोपन्नची झालीस आणि कारखान्याला नवे मालक आले. त्यांचा फतवा निघाला की प्रोजेक्ट मॅनेजर म्हणवणाऱ्या प्रत्येकानं अठरा महिन्यांत औषध-उद्योगाची अधिकृत व्यावसायिक मान्यता मिळवायची. नाही मिळाली तर पद जाणार, पगार तोच, आणि मान्यता असलेल्या माणसाच्या हाताखाली मदतनीस. तो माणूसही त्यांनी आणून ठेवला होता, एकोणतीस वर्षांचा, रंगीत तक्ते करणारा. तू त्याचं नाव 'रांगोळी' ठेवलंस. वरून हसत होतीस, पण घरी आलीस की दारातच चपला काढून तशीच उभी राहायचीस, आत यायचं विसरल्यासारखी. अठ्ठावीस वर्षं प्रोजेक्टं ओढली आणि आता शेवटची सहा कुणाच्या तरी मागे वही धरून चालायचं, हे तुला गिळवत नव्हतं. कुणाला गिळवेल?

शनिवार-रविवारचा वर्ग लावलास. वर्गात सगळी पोरं तुझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी एकानं तुला मॅडम समजून उठून नमस्कार केला. 'रिस्क रजिस्टर', म्हणजे कामात काय काय बिघडू शकतं त्याची यादी, शिकवलं त्या दिवशी घरी येऊन म्हणालीस, "जाऊबाई, हा तर माझ्या पोटातला गोळाच आहे, फक्त रकान्यांत बसवलेला." अभ्यास मात्र मन लावून केलास. कणीक मळताना समोर पुस्तक, पानांना पिठाचे ठसे. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालीस. दिरानं शेजारीपाजारी पेढे वाटले आणि वाटता वाटता स्वतःच निम्मे खाल्ले.

मग आली खरी अडचण. पूर्ण केलेलं एक प्रोजेक्ट पुराव्यानिशी दाखवायचं होतं. कुठला निर्णय कुठल्या मीटिंगमध्ये झाला, कोण हजर होतं, याचे कागद. त्यावर ते प्रोजेक्ट डोळ्यांनी पाहिलेल्या वरिष्ठाची सही, आणि मग तिघांच्या मंडळापुढे मुलाखत. तू सिरपचं प्रोजेक्ट निवडलंस. अकरा वर्षांपूर्वी ते झालं तेव्हा क्वालिटीच्या कागदपत्रांची प्रमुख मी होते, म्हणजे सही माझी.

रविवारी दुपारी तू शेजारच्या तुझ्या बिऱ्हाडातून फाइल घेऊन आलीस. निळी, पट्टीची, नवी कोरी. मी चष्मा लावला. आठ मीटिंगांचे आठ वृत्तांत, सुबक अक्षरात, खाली फक्त तुझी सही. दुसऱ्या कुणाची सही तू ठोकून दिली नव्हतीस, तेवढी चाड होती. मी तीन वाचले. मग नजर पानाच्या तळाशी गेली, जिथे कुणीच बघत नाही आणि मी चाळीस वर्षं बघत आले. फॉर्मच्या क्रमांकापुढे लिहिलेलं होतं, आवृत्ती चार.

आवृत्ती चार मी काढली होती. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, म्हणजे सिरप बाजारात गेल्यावर दोन वर्षांनी. लोक मीटिंगला दांडी मारायचे म्हणून त्यात 'गैरहजर कोण आणि का' असा नवा रकाना घातला होता. आणि तू इमानेइतबारे तो रकानाही भरला होतास. 'खरेदी विभाग, तापामुळे.' जो रकाना अस्तित्वातच नव्हता त्यात अकरा वर्षांपूर्वीचा ताप. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आजचा फॉर्म काढून त्यावर मागच्या तारखा टाकल्या होत्यास तू.

मी बोट ठेवलं. तू पाहिलंस. चेहरा उतरला, पण हार मानणारी तू नव्हेस.

"मीटिंगा झाल्या होत्या ना?" तू विचारलंस.

"झाल्या होत्या."

"निर्णय हेच झाले होते ना?"

"हेच."

"मग मी खोटं काय लिहिलं?"

"तारीख," मी म्हटलं.

आपल्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की चुकलेला आकडा गिरवायचा नाही, खोडरबर लावायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि आजची तारीख. आजची. कालची टाकली की तो कागद मेला. तुला हे पाठ होतं, पॅकिंगमधल्या पोरींना तूच शिकवायचीस. आणि तरी केलंस, कारण तुझ्या लेखी ते खोटं नव्हतंच. डोक्यात सगळं होतं, ते तू फक्त कागदावर उतरवलंस.

मी सही करणार नाही म्हटलं. तू फाइल उचललीस आणि "बरं, मॅडम" म्हणून निघून गेलीस. घरात तू मला मॅडम म्हणालीस की चार दिवस अबोला, हे सगळ्या घराला माहीत आहे. या वेळी नऊ दिवस झाले. दीर मध्ये येऊन गेला, लिंबाच्या लोणच्याची बरणी परत करायच्या निमित्तानं. जाता जाता म्हणाला की ती हल्ली जेवताना ताटाकडे बघत नाही.

त्या नऊ दिवसांत मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. मी स्वतःलाच चार प्रश्न विचारले. सिरपच्या वेळी तू माझ्या टेबलाशी यायचीस आणि म्हणायचीस, "ठरलंय सगळं, लिहून देते नंतर." मी मान डोलवायचे. एकदाही मागे लागले नाही. औषध वेळेवर जात होतं, वरचे खूश होते, आणि खरं सांगायचं तर जावेची अडवणूक केली असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतं. वृत्तांत नव्हते त्यात तुझा दोष होता. पण ते मागायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

दहाव्या दिवशी तू आलीस. हातात तीच निळी फाइल, आत एकच लेख, सहा पानांचा. वर आजची तारीख, आणि पहिलं वाक्य असं: 'या प्रोजेक्टच्या मीटिंगांची नोंद मी ठेवली नाही. पुढचं सर्व अकरा वर्षांनंतर आठवणीतून लिहीत आहे.' पुढे काय ठरलं, काय फसलं, नोंद असती तर कुठला घोळ टळला असता, सगळं. मी खाली सही केली आणि सहीच्या वर लिहिलं की तेव्हा कागदपत्रांची प्रमुख मी होते, नोंदी मागणं माझं काम होतं, मी मागितल्या नाहीत. तू ते वाचलंस आणि म्हणालीस, "एवढं कशाला?" मी म्हटलं, चहा टाक.

चहा पिता पिता तूच एका जुन्या कामगाराचा विषय काढलास. शीतगृहात कामाला होता तो, पन्नाशीचा, तोतरा बोलणारा. त्याच सिरपच्या वर्षी आठवडाभराची तापमानाची नोंद त्यानं रोजच्या रोज न लिहिता शुक्रवारी एकदम बसून भरली. आकडे सगळे बरोबर होते, तापमान आपोआप छापणाऱ्या मशीनमधली पट्टी तपासली तेव्हा जुळले. मी दोन दिवसांत त्याला घरी पाठवला. तू तेव्हा रदबदली करायला आली होतीस आणि मी तुला दारातूनच परत लावलं होतं.

"त्याच महिन्यात माझं 'लिहून देते नंतर' चालत होतं, जाऊबाई," तू म्हणालीस. रागानं नाही. मग तू म्हणालीस की तो बस डेपोच्या मागे मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं दुकान चालवतो, दोघींनी एकदा जाऊन यायला हवं. जाऊन काय बोलायचं ते तिथे गेल्यावर बघू. मी हो म्हटलं. पुढचा रविवार ठरला.

पुढच्या रविवारी माझा गुडघा सुजला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुझी मुलाखत. तिघांपैकी एकानं तुला विचारलं की कागदच नाहीत तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा. तू म्हणालीस, ठेवू नका, मीही ठेवला नसता. मंडळानं ते प्रोजेक्ट धरलं नाही. प्रामाणिकपणाबद्दल एक ओळ लिहिली, आणि चालू प्रोजेक्ट नोंदींसह घेऊन या म्हणून सांगितलं. तोवर अठरा महिने सरले आणि तू रांगोळीच्या हाताखाली गेलीस.

नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत तू एकदाही माझ्याकडे रडली नाहीस, फक्त त्याला शिव्या घालायचीस. मग शिव्याही कमी झाल्या. एकदा म्हणालीस, पोरगं वाईट नाही, पण माणसं रुसतात हे त्याच्या तक्त्यात कुठे बसत नाही. तू त्याला कुणाकडे आधी जायचं ते सांगायचीस, आणि तो तुला संध्याकाळी पाच वाजता वही उघडायला लावायचा. बाटल्यांच्या नव्या सीलचं प्रोजेक्ट तुम्ही दोघांनी पुरं केलं. एकेका मीटिंगची नोंद त्याच दिवशीची, त्याच तारखेची. त्यावर सही त्यानं केली. मान्यता मिळाली तेव्हा जुनं पद भरलेलंच होतं, त्याच्याकडेच. पण लांबच्या गावी नवा प्लांट उभा राहत होता आणि तिथे मान्यताप्राप्त माणूस हवा होता. तू गेलीस, दीर मागून गेला, आणि आता तिथे तू नव्या पोरांना शिकवतेस. पहिल्या दिवशी त्यांना ती सहा पानं वाचायला देतेस असं कळलं. हे मला तुझ्याकडून नाही, त्यांच्याकडून कळलं.

त्या शीतगृहातल्या माणसाच्या दुकानाचा पत्ता तू मला कागदावर लिहून दिला होतास, तारखेसकट. तू इथल्या तुमच्या दिवाणखान्यातलं सामान हलवायला आलीस तेव्हा जायचं ठरलं, ट्रक लवकर आला. तुझ्या मुलीच्या साखरपुड्यानंतर ठरलं. मी फोनवर आठवण केली नाही, तूही केली नाहीस. गेल्या सुट्टीत चार दिवस तू माझ्याकडेच होतीस. तिसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघी रिक्षानं बस डेपोपर्यंत गेलो, आणि डेपोसमोरच्या दुकानातून तुझ्या नव्या घरासाठी पडदे घेऊन परत आलो.