पुडीचे सात भाग

कोथरूडच्या दवाखान्यात ती बाकावर माझ्या शेजारी बसली होती. मी नाव विचारलं नाही. मनगटावर तव्याच्या चटक्यांचे डाग होते, म्हणजे पोळ्या लाटणारी. बसल्या बसल्याही गुडघ्यावर तिचा तळहात गोल फिरत होता.

"दिवसाला दीडशे पोळ्या करते, पण मला एकही जात नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, भूक सांगणारं हार्मोन असतं. माझं रजेवर गेलंय. परवा चक्कर आली, तर एका घरचं काम सुटलं."

तिला माझ्यासारखीच ड जीवनसत्त्वाची पुडी दिली होती, आठवड्याला एक. तिने त्या पुडीचे रोजचा एक असे सात भाग केले होते.

"अगं, सगळी एकदम दुधात घालून प्यायची," मी सुनावलं.

"आजी, थकवा रोज येतो. मग औषधाला सहा दिवस सुट्टी कशाला?"

"निदान उन्हात तरी बस."

"कुठे? ऊन मी कामाला जाते त्या बायकांच्या गॅलरीत असतं. तिथे त्यांचे पापड वाळतात."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या गॅलरीतले पापड उचलले आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईला तिथे उन्हात बसवलं. पाच मिनिटांत ती उठली. तिला पुढचं घर होतं.