माझ्या बाजूचं लिंबाचं झाड

खडकीच्या एका शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. पोटात दुखलं म्हणून एक दिवस घरी राहिलेल्या पोरालाही मी पालकांच्या चिठ्ठीशिवाय वर्गात घेत नसे. "तोंडी सांगू नकोस, लेखी आण," ही माझी नक्कल पोरं मधल्या सुट्टीत करायची. आणि याच शहाण्या बाईनं आयुष्यातली एकुलती एक जमीन तोंडी घेतली. हसा खुशाल.

माझी जिवाभावाची मैत्रीण माझ्याच शाळेत गणित शिकवायची. तिचं सासर खडकवासल्याच्या अलीकडच्या गावात, शेतकऱ्याचं. तिथे चार गुंठे विकायला निघाले तेव्हा तीच म्हणाली, "निम्मे निम्मे घेऊ. रिटायर झालो की शेजारी शेजारी घरं बांधू. भांडायला लांब जायला नको." पण शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, आणि आमच्या घरात कुणी कुंडीतली तुळससुद्धा नीट जगवली नव्हती. म्हणून सातबारावर नाव लागलं तिच्या नवऱ्याचं. माझ्या वाटणीचे पैसे मी फंडातून काढून रोख दिले.

जागेवर गेलो त्या दिवशी टेप तिच्या नवऱ्यांनीच धरली. मधोमध दगड रोवले, वरून चुना फासला. "ही बाजू तुमची, ताई. आता निवांत ऱ्हावा," म्हणाले. मी माझ्या बाजूला लिंबाचं रोप लावलं आणि पहिलं पाणी त्यांनीच घातलं.

मैत्रीण मात्र हिशोबाला पक्की. पुढच्याच आठवड्यात तिनं स्टाफरूममध्ये पर्समधून स्टॅम्पपेपर काढला. निम्मी जागा तुझी असं लिहू, आम्ही दोघं सह्या करतो, म्हणाली. तर मी काय म्हणावं? "अगं, आपल्यात कागद? उद्या डब्यातल्या भाजीची पावती मागशील!" सगळी स्टाफरूम हसली. मीच तो कागद तिच्या पर्समध्ये परत कोंबला. काय मोठेपणा वाटला होता तेव्हा! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. कॅन्सरनं तीन महिन्यांत संपवली. मी भाड्याच्या खोलीत राहते. मालकानं ती सोडायला सांगितली, तेव्हा म्हटलं, चला, आपल्या जागेवर दोन खोल्या बांधू. आधी वकिलाकडे गेले. तो माझाच जुना विद्यार्थी.

"बाई, लेखी काही आहे?"

"दगड आहेत ना. त्यांनी स्वतः रोवलेत."

"ते कबूल करतील?"

मला त्याचाच राग आला. माणसांबद्दल असं बोलतात का, म्हणून त्याला झापलं आणि तशीच बस पकडून गावात गेले.

दगड नव्हते. चारी गुंठ्यांना मिळून एकच तारेचं कुंपण. आत माझं लिंबू फळांनी लगडलेलं. मैत्रिणीचा नवरा ओसरीवर बसला होता. पाणी दिलं, चहा दिला, सगळं रीतसर.

"हिनं मला काय सांगितलं न्हाय, ताई," तो म्हणाला. "तुमचं दोघींचं काय असंल ते मला म्हाईत न्हाय."

"अहो, टेप तुम्ही धरली होती! चुना तुम्ही फासलात!"

"लई वर्सं झाली. आठवत न्हाय."

खोटारडा! भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो, आणि त्याच्याखाली बसून हा माणूस सरळ खोटं बोलत होता. मला रडू आलं आणि त्याच्यासमोर आलं याची जास्त चीड आली. मी चपला घातल्या.

फाटकाशी पोचले तर मागून हाक आली. हातात भरलेली पिशवी घेऊन तो लगबगीनं येत होता. "लिंबं घिऊन जावा, ताई. तुमच्याच झाडाची हायत."

"एवढंच कागदावर लिहून द्या," मी म्हटलं.

त्यानं पिशवी फाटकाला अडकवली आणि तो आत निघून गेला.