कपाटात राहिलेला चष्मा

नव्या चष्म्याच्या डबीला येतो तो प्लास्टिकचा वास आला, की मला तिसगावजवळच्या आमच्या शाळेतला एक पावसाळा आठवतो. त्या पावसाळ्यात मुलांचे डोळे तपासायला डॉक्टर आले होते. सातवीतली एक मुलगी तपासणीची जाड भिंगं लावून माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमी टिकली लावता व्हय?" पाचवीपासून मी तिला शिकवत होते. चष्मे यायला दिवाळी उलटली. ऊसतोडीच्या टोळ्या काय चष्म्यासाठी थांबतात? आईबाप तिला घेऊन केव्हाच गेले होते. तिच्या चष्म्याची डबी मी कपाटात ठेवली. उन्हाळ्यात टोळी परतली, पण ती दिसली नाही, म्हणून डबी घेऊन तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "तिकडंच लगीन लावून दिलं, बाई." मी डबी पुढे केली. तिने आधी दार लोटून घेतलं, मग हळू आवाजात म्हणाली, "नगं. तिला लांबचं दिसत न्हाई, हे सासरी ठावं न्हाई." अजूनही दसरा सरला की टोळ्यांचे ट्रॅक्टर शाळेवरून जातात. मी फाटकात उभी राहून हात करते. त्यात ती असली, तरी तिला मी कुठे दिसणार?