देवाला बांधलेला पट्टा

गडब गावाजवळ हायवेवर माझं चहाचं दुकान आहे. गणपतीच्या आदल्या दुपारी एक गाडी समोर थांबली. पुढच्या सीटवर मूर्तिकारांच्या हमरापूरहून घेतलेली गणपतीची मूर्ती होती. तोंडावर रुमाल, पोटावरून घट्ट सीटबेल्ट. गाडी चालवणाऱ्याने स्वतः मात्र बेल्ट लावलेला नव्हता. उतरून त्याने लाल डोळ्यांवर पाणी मारलं. "चल, दिवे लागायच्या आत देव रोह्याला घरात पायजे."

मागून उतरलेली त्याची बायको हलली नाही. गाडी थांबताच काढून घेतलेली किल्ली तिच्या मुठीत होती. "दोनदा डुलकी लागली तुमाला. आदी झोपा."

"किल्ली दे! देवाला वाटंत ठेवतात काय गो?"

मागच्या सीटवरची पोरं खिडकीतून डोकावली.

"देव फुटला तर हमरापुरात दुसरा मिळंल," ती म्हणाली. "तुमी कुठं मिळाल?"

तो माझ्या बाकड्यावर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. ऊन उतरल्यावर उठला, तेव्हा स्वतः त्याच्या शेजारी बसता यावं म्हणून तिने मूर्ती मागे पोरांजवळ ठेवली आणि त्याला स्टिअरिंगवर बसवून पट्टा लावला. मग किल्ली द्यायला मूठ उघडली. तळव्यात किल्लीचे दात रुतले होते.

आजही रस्त्यावर ब्रेक करकचला की मला आधी तो तळवा दिसतो.