मामांचा मझुर्का आणि आयुधपूजा

आमच्या मामेसासऱ्यांइतका बिनकामाचा छंद अख्ख्या बंगळूरात कुणी केला नसेल. बसवनगुडीत लोक वीणा शिकत, फिडल शिकत. मामा मझुर्का वाजवत. मझुर्का म्हणजे पोलंडातल्या खेडुतांच्या नाचावरून शंभरेक वर्षांपूर्वी रचलेल्या पियानोच्या चिजा. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या बाईकडून मामांनी पियानो घेतला, त्याच्याबरोबर या चिजांचं पुस्तक आलं, आणि पेन्शनीत निघालेला माणूस कामाला लागला. ताल तीन मात्रांचा, पण जोर पहिलीवर नाही; कधी दुसरीवर, कधी तिसरीवर. मामा तो जोर टाचेनं लाल फरशीवर देत आणि स्वयंपाकघरात माझ्या डब्यांची झाकणं वाजत. "मामा, हे लोक लंगडे होते का?" मी एकदा विचारलं. "नव्हते गं सूनबाई. त्यांचा देश तिघा शेजारी राजांनी वाटून खाल्ला होता. असा माणूस सरळ ठोक्यावर कसा नाचेल?" मी भात उतरवायला गेले.

पियानोचे सूर लावणारा आमच्या माहितीत एकच, कॅन्टोन्मेंटमधला म्हातारा अँग्लो-इंडियन. वर्षभर निरोप धाडल्यावर तो उगवला नेमका आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला. पियानोला हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूची माळ.

"इल्ला, इल्ला!" मामा दारातच आडवे. "आज हत्याराला हात लावायचा नाही. नाळे बन्नी."

"उद्या कसा येऊ सर? उद्या मी मद्रासला, तिथून बोटीनं ऑस्ट्रेलियाला. कायमचा. स्वल्प दोन तास द्या."

"मामा, मी माळ बाजूला करते. देव काही म्हणायचा नाही," मी म्हटलं.

"आज सुतार रंधा उचलत नाही, आणि मी पियानो उघडू?"

म्हाताऱ्यानं टोपी उचलून नमस्कार केला आणि गेला.

मग उतरणच. हार्मोनियम दुरुस्त करणारा आला, आतल्या तारा बघून कॉफी पिऊन गेला. उंदरांनी आतल्या हातोड्यांवरची लोकरी बनात खाल्ली. एकेक पट्टी मुकी होत गेली, आणि मुक्या पट्टीचा सूर मामा तोंडानं म्हणू लागले. पुढं पुढं पियानोपेक्षा मामाच जास्त वाजत. मग दम लागायला लागला, तेही थांबलं.

त्यानंतरच्या आयुधपूजेला मी माळ घेऊन गेले, तर मामा वाजवत बसलेले.

"मामा, आज?"

"पूजा हत्यारांची असते, सूनबाई. हे आता हत्यार राहिलंय का?"

मी ती माळ शिवणयंत्राला घातली आणि स्वयंपाकघरात आले. बाहेर मामांची बोटं मुक्या पट्ट्यांवर खटखटत होती. टाच मात्र बरोबर तिसऱ्या मात्रेवर पडत होती, आणि माझ्या डब्यांची झाकणं तेवढी वाजत होती.