मायनं बदललेल्या कांड्या

मी निघाले त्या दिवशी वसमतच्या स्टँडवर हैदराबादची गाडी तासभर उशिरा लागली, आणि तेवढ्या वेळात बाबांनी दिसेल त्या माणसाला सांगून टाकलं की पोरगी जर्मनीला चालली. काय शिकायला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "गणित अन् धंदा. दोन्ही एकातच." कंडक्टरनं माझ्या दोन बॅगा बघितल्या, मला बघितलं आणि म्हणाला, "मग एवढ्या दूर काहून धाडता? इथं मोंढ्यात आडत दुकानावर बसवा की. दोन्ही शिकंल." सगळे हसले. माय हसली नाही. ती बॅगेच्या चेनला सुतळी बांधत होती, गाठीवर गाठ. शेवटची गाठ मारून एवढंच म्हणाली, "गाडीत झोपू नको. बॅगा बघ."

आपल्या शाळेच्या ग्रुपवर तुम्ही सारखं विचारता, काय चाललंय तिकडं? गावात राहिलेले विचारता, पुण्याला कंपनीत गेलेले विचारता, दुबईतला आपला एकजण तर दर शुक्रवारी न चुकता विचारतो. मी एखादं हसरं चित्र टाकून सुटते. आज सुटायचं नाही असं ठरवलंय. खरं तर लिहायचा कंटाळा आलाय, आणि बोलायचा त्याहून जास्त. पण झालं ते तुमच्याशीही संबंधित आहे, म्हणून बसलेय.

मी जे शिकते त्याचं जर्मन नाव एवढं लांब आहे की फॉर्मच्या चौकटीत मावत नाही. अर्थ बाबा सांगतात तोच. नांदेडला बी.एस्सी. करताना गणित म्हणजे फळा, सिद्धता आणि शेवटी "हे सिद्ध झाले" असं ठसक्यात लिहिणं. इथं तसं नाही. इथं गणित गोदामात जातं, दुकानाच्या रांगेत उभं राहतं, माल कधी मागवायचा आणि कधी थांबायचं ते ठरवतं. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपण फसलो बाप्पा. आठवड्यात तीन दिवस लेक्चर, तीन दिवस पार्सलच्या गोदामात शिफ्ट, एक दिवस कपडे आणि भांडी. गावी दमायचं म्हणजे हातपाय दुखायचे, रात्री झोपलं की सकाळी मोकळं. इथं दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत शहाण्यासारखं वागून जो थकवा येतो तो झोपून जात नाही. रविवारी उठले तरी शनिवारचीच दमलेली असते.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी विषय मागितला तेव्हा मी हळद घेतली. बाकीच्यांनी विमानतळ घेतले, दवाखाने घेतले. मी म्हटलं, आपल्याला जे ठाऊक आहे ते घ्यावं. प्रश्न साधा होता. शिजवलेली हळद किती दिवस वाळवायची? लवकर उचलली तर ओली राहते, मोंढ्यात भाव पडतो. फार दिवस ठेवली तर मधेच पाऊस येतो, काही कांड्या बुरसतात. बरोबर कुठल्या दिवशी थांबायचं, ते गणितानं काढायचं. आमच्या प्राध्यापक बाईंना विषय फार आवडला. त्या मोजून बोलणाऱ्या, पण त्या दिवशी दोनदा छान म्हणाल्या.

आकडे हवे होते, आणि आकड्यांसाठी मला माय होती. बाबांनी वसमतहून सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला. मायनं अंड्यांचा ट्रे घेतला, तीस खळग्यांत तीस कांड्या ठेवल्या, पुठ्ठ्यावर एक ते तीस नंबर टाकले. रोज सकाळी प्रत्येक कांडीचं वजन करायचं आणि मला व्हॉइस मेसेज पाठवायचा. अठरा दिवस. "एक नंबर, बावीस. दोन नंबर, एकोणीस." मागं कोंबड्यांचा आवाज, मधेच "हाड हाड", मग पुढचा नंबर. गोदामाच्या बसमध्ये बसून मी ते वहीत उतरवून घ्यायचे. खरं सांगते, दोन वर्षांत मला बरं वाटलं ते तेवढेच अठरा दिवस.

मे महिन्यात मसुदा बाईंकडे दिला. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "तीसपैकी एकही कांडी खराब झाली नाही?" मी तोऱ्यात म्हटलं, माझ्या आईची हळद आहे. बाई म्हणाल्या, "मग तुमचा प्रश्नच उरत नाही. काही बिघडतच नसेल तर कायम वाळवत ठेवा." बोलल्या हसून.

खोलीवर येऊन मूळ वही काढली. अकरा नंबर, पाचवा दिवस, चौदा ग्रॅम. सहावा दिवस, सतरा. वाळत घातलेली हळद जड कशी होईल? आणि सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ते तेव्हाच माझ्या नजरेला पडलं होतं. माय वाचताना चुकली असेल, असं धरून मीच सतराचे तेरा करून टाकले होते. हातानं. कुणाला न सांगता.

फोन लावला. दुपार होती इथं, तिकडं दिवेलागण. मी विचारलं आणि मायनं लगेच सांगितलं, लपवायचं असं काही तिच्या मनातच नव्हतं. "अगं, ती आतून काळी पडली व्हती. मी दुसरी ठेवली तिच्या जागी. अशा आणखी बी बदलल्या. तुझ्या परीक्षेला खराब माल पाठवू का व्हय? तिथली माणसं काय म्हणतील, हीच का वसमतची हळद?"

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुला कुणी सांगितलं होतं डोकं चालवायला" हे बोलले, आणि "तुला काय कळतं त्यातलं" हेही बोलले. ती म्हणाली, "चुकलं माझं." माझी माय मला कधी असं म्हणाली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवस तिचा फोन नाही. बाबांचा आला. "काहून बोललीस तिला तसं? अठरा दिवस तिनं त्या ट्रेजवळ कोणाला फिरकू दिलं न्हाई. लग्नाला बी गेली न्हाई कळमनुरीला." मी ऐकून घेतलं. प्रबंध द्यायला महिना राहिला होता, घरची हळद कधीच विकून झाली होती, नवे आकडे मिळायची सोय नव्हती. तोंड मिटून बसले असते तर पास झाले असते, मार्कही चांगले पडले असते. दोन दिवस मी तेच करायचं ठरवून हिंडले. मग बाईंना जाऊन सांगितलं. माझे सतराचे तेरासुद्धा सांगितले.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, कुठल्या दिवशी कुठली कांडी बदलली एवढं कळलं तरी काम होईल, उलट हेच खरं काम. कितवा नग कधी बिघडतो याचं वेगळं गणित असतं. मी म्हटलं, तीन महिने झाले, आता कुणाला आठवणार?

शेवटी मीच फोन लावला. मायला आठवत होतं. एक एक. "चौथ्या दिवशी सात नंबर, जास्त शिजली व्हती, मऊ लागायली. सहाव्याला अकरा. नवव्याला बावीस आन् तेवीस, शेजारी शेजारी व्हत्या, एकीचं दुसरीला लागलं." अशा नऊ कांड्या तिनं दिवसासकट सांगितल्या. मी लिहून घेत होते आणि रडत होते, आणि तिला कळू नये म्हणून मधेमधे "हं, पुढं" म्हणत होते. नऊ संपल्या तेव्हा मला एकदम सुचलं ते विचारून बसले. "माय, दोन वर्षं तू मला फोनवर जे सांगितलंस, त्यातलं काय काय बदललंस?"

ती एकेक सांगायला लागली. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीतच झालं, मला कळू दिलं नाही. हळद शिजवताना तिचा स्वतःचा हात भाजला, म्हणून महिनाभर व्हिडिओ कॉल बंद होता, नेट खराब नव्हतं. आणि शांतामावशी. तिची थोरली बहीण, जिच्या घरी राहून मी वसमतला बारावी केली, जिनं माझी परीक्षा होईपर्यंत घरात टीव्ही लावू दिला नाही. मावशी पोळ्याच्या आधीच गेली. तेव्हापासून दर रविवारी मी म्हणत होते, मावशीला नमस्कार सांग, आणि माय म्हणायची, सांगते. "तुझे पेपर व्हते तवा. मग पुन्हा कसं सांगावं ते कळंना."

तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुमच्यातले कितीतरी जण मातीला गेले असाल. कुणी एका शब्दानं बोलला नाहीत, कारण मायनं हात जोडले असतील, मी समजू शकते. पण मी ग्रुपवर मावशीच्या हातच्या ठेच्याची आठवण टाकली होती आणि तुम्ही खाली हसणारे चेहरे टाकलेत. त्याचं मला फार वाईट वाटलं. पहिल्यांदा राग आला, आता नुसतं वाईट वाटतं.

मी तरी कुठं वेगळं केलं? पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत नापास झाले होते ते मी कुणाला सांगितलं? दिवाळीचा तो पणत्यांचा फोटो माझ्या खोलीचा नव्हता, वर राहणाऱ्या तमिळ मुलीच्या खोलीचा होता. त्या दिवशी माझी शिफ्ट होती. हे मायला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "एवढंच का आणखी हाय?" आणखी होतं. मग तेही सांगितलं, की मी फार थकलेय, नोकरी लागेल की नाही ठाऊक नाही, आणि परत यावं की राहावं हे मला कुठल्याच गणितानं काढता येत नाही. ती म्हणाली, "आज नको काढू मग."

प्रबंधाला मार्क मधलेच पडले. नऊ कांड्यांचं प्रकरण बाईंना सगळ्यात चांगलं वाटलं. बाबा अजून लोकांना गणित अन् धंदाच सांगतात.

परवा मायचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, थेट सुरुवात. "बाबा पायरीवरून पडले. हाड मोडलं न्हाई, गुडघा सुजलाय. रडू नको, पुरं ऐक." मी पुरं ऐकलं. कुठली पायरी, कुणी उचललं, कुठल्या डॉक्टरकडे नेलं. गोदामाच्या दारात उभी होते, आत शिफ्ट सुरू झाली होती. घर किती लांब आहे ते त्या दिवशी जेवढं टोचलं तेवढं दोन वर्षांत टोचलं नव्हतं. आणि तरीही फोन ठेवल्यावर बऱ्याच दिवसांनी वाटलं की मी त्या घरातलीच आहे, कारण घरातल्या माणसाला सांगतात तसं तिनं मला सांगितलं होतं.